तैलचित्र, मातीकाम, फोटो आणि गोधडी एकाच सभागृहात : मांडणी कशी करावी?

अमळनेरच्या एका कलाशिक्षिका ताईंचा प्रश्न असा आहे : गावातलं एक सभागृह हिवाळ्यात आठवडाभरासाठी मिळतंय. तालुक्यातले आणि आसपासचे पंधरा-सोळा कलावंत तयार आहेत. काही तैलरंगात काम करतात, काही जलरंगात, एकजण ॲक्रेलिकमध्ये. एक फोटोग्राफर आहे, लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून, शाई लावून कागदावर घेतलेला छाप) करणारा एक कॉलेजचा मुलगा आहे, माती आणि लाकूड हाताळणारे दोघं आहेत आणि गोधड्या शिवणाऱ्या एक आजी आहेत. भिंती कशा वाटायच्या? माध्यमाप्रमाणे विभाग करायचे की कलावंताप्रमाणे? आणि गोधडी तैलचित्राशेजारी लावली तर चित्रकार मंडळी नाराज होतील का?

ताई, आधी थेट उत्तर देतो. माध्यमाप्रमाणे विभाग करू नका आणि कलावंताप्रमाणेही नको. प्रत्येक काम किती अंतरावरून पाहायचं आहे आणि त्याला किती उजेड चालतो, एवढं ठरवा. जागा त्यावरून ठरत जाते. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात मी बरीच वर्षं प्रदर्शनं लावतो आहे. शाळेच्या वर्गात लावली, लग्नाच्या हॉलमध्ये लावली, क्वचित खऱ्या गॅलरीतही लावली. संमिश्र प्रदर्शनात चांगलं काम चुकीच्या जागी लागलं की लोक त्याच्यासमोरून सरळ चालत निघून जातात, आणि कलावंताला वाटतं आपल्या गावाला कलेची जाण नाही. गावाला जाण असते. तिला उभं राहायला जागा मिळालेली नसते.

कामं गोळा झाली की प्रत्येक काम भिंतीला टेकवून ठेवा आणि त्याच्यासमोर मागेपुढे सरकून पाहा. कुठे उभं राहिल्यावर ते नीट दिसतं ते वहीत फुटांमध्ये लिहा. लिनोकट किंवा एचिंग (धातूच्या पत्र्यावरून घेतलेला छाप) हाताच्या अंतरावरून पाहायचं काम आहे. तीन फुटांपलीकडे गेलं की त्यातल्या रेघा एकमेकींत मिसळतात. पेंटिंग नाइफने, म्हणजे रंग लावायच्या पातळ सुरीने, जाड थर देऊन केलेलं तापीकाठचं चार फुटी तैलचित्र उलट वागतं. चार फुटांवर उभं राहिलात तर नुसते थर दिसतात, आणि आठ-दहा फूट मागे आलात की त्याच थरांतून पाणी चमकायला लागतं. हे चित्र सहा फुटी पॅसेजमध्ये लावलं तर ते कुणालाच कधी दिसणार नाही. मोठा फोटो साधारण स्वतःच्या कर्णाच्या दीडपट अंतरावरून बरा दिसतो. गोधडीला मात्र दोन अंतरं लागतात. तुकड्यांची रंगसंगती दहा फुटांवरून कळते आणि टाका फुटभरावरून. म्हणून तिच्यासमोर मोकळी जमीनही हवी आणि जवळ जायला वाटही हवी. मध्ये दोरी बांधली तर तिचं निम्मं काम दिसेनासं होतं.

अंतराचं हे गणित पटत नसेल तर एकदा सगळ्या कलावंतांना घेऊन चाळीसगावला जाऊन या. कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) ज्या घरात राहिले आणि काम केलं ते स्टेशनजवळचं घर आता संग्रहालय आहे. मूस गावात क्वचितच बाहेर पडत. त्या एका घरात फोटोग्राफी, चित्रं, लाकूडकाम, कागदकाम असं सगळं झालं. त्यांची टेबलटॉप छायाचित्रं मुद्दाम पाहा. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, त्यांच्यावर उजेड असा लावायचा की फोटोत थेट निसर्गदृश्य भासावं, असं हे तंत्र. त्या फोटोंसमोर दोन पावलं मागे आणि दोन पावलं पुढे होऊन पाहिलं की आपण कुठे उभे आहोत यावर चित्र काय दिसेल हे किती अवलंबून असतं ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शिवाय एकच माणूस इतक्या माध्यमांत रमू शकतो हे तुमच्या तैलरंगवाल्यांनी आणि मातीवाल्यांनी एकत्र उभं राहून पाहिलेलं बरं.

आता उजेड. आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे.

कागदावरचे जलरंग, रंगीत फोटो आणि कापड, ही तीन उजेडाला कच्ची. झालेली इजा साठत जाते, ती भरून येत नाही. संग्रहालयांत यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड ठेवतात, तैलचित्रांवर १५० ते २०० लक्सपर्यंत. दगड, धातू आणि भाजलेल्या मातीला उजेडाचं भय नाही. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं, ते काटेकोर नसलं तरी अंदाज देतं. तुमचं प्रदर्शन सात दिवसांचं आहे, त्यामुळे जलरंगावर ५० ऐवजी १०० लक्स पडले तर आकाश कोसळणार नाही. पण थेट ऊन नको, एक तासही नको. खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा दिवसभरात कुठून कुठे सरकतो ते हॉलमध्ये बसून आधी पाहून ठेवा आणि त्या पट्ट्यात येणारी सगळी भिंत कागद-कापडासाठी बाद करा.

ती जागा वाया जात नाही. खिडकीजवळ मातीकाम आणि धातूकाम ठेवा. शिल्पाला बाजूने येणारा उजेड लागतोच. ट्यूबलाइटखाली त्याची गोलाई सपाट होते, आणि खिडकीच्या कडेला गालाचा उतार, बोटाचे ठसे, कोरणीची खूण सगळं उठून येतं. लाकडाला मात्र उन्हापासून दूर ठेवा, एका बाजूने तापलं की तडकतं.

दुसरी गोष्ट दाराची. आपल्याकडचं ऊन हिवाळ्यातही दुपारी डोळ्यावर येतं. बाहेरून आलेल्या माणसाचे डोळे आतल्या उजेडाला जुळायला काही मिनिटं घेतात. त्याच वेळी त्याच्यासमोर मंद उजेडातला जलरंग आला तर त्याला फक्त राखाडी कागद दिसेल. म्हणून दाराशी ठळक कामं असू द्या : शिल्प, ॲक्रेलिक, मोठं तैलचित्र. कागदाची नाजूक कामं आत, दारापासून सगळ्यात लांबच्या खोलीत किंवा कोपऱ्यात. माणूस तिथे पोहोचेपर्यंत डोळे तयार झालेले असतात आणि १०० लक्सही पुरेसे वाटतात. कुणी तक्रार केलीच की इथे अंधार का, तर अजिंठ्याची आठवण करून द्या. लेण्यांत फ्लॅश मारू देत नाहीत, दिवे मंद असतात, हे आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाने सहलीत पाहिलेलं असतं. कारण सांगितलं की लोक समजून घेतात, आणि पुढच्याला स्वतःहून सांगतात.

अजिंठ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. पहिल्या लेण्यात गाभाऱ्यात दगडात कोरलेला बुद्ध आहे आणि बाहेर त्याच्या दाराच्या डावीकडच्या भिंतीवर पद्मपाणी बोधिसत्त्व रंगवलेला आहे. ते रंगकाम म्हणजे मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, मग रंग. कोरणाऱ्यांचं आणि रंगवणाऱ्यांचं काम एकाच खोलीत, एकाच उजेडात. वेगवेगळी माध्यमं शेजारी नांदवणं हे आपल्या डोळ्यांना नवं नाही.

दिव्यांबद्दल थोडं तांत्रिक. ९० च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेले एलईडी स्पॉट घ्या; खोक्यावर तो आकडा छापलेला असतो. स्वस्त बल्बखाली लाल रंग विटकरी दिसतो आणि चित्रकार बिचारा घाबरतो. ३००० ते ४००० केल्विनमधला (केल्विन म्हणजे उजेड पिवळसर की पांढरा ते सांगणारा आकडा) एकच प्रकार सगळीकडे लावा. दिवा चित्राच्या बरोबर समोर नको. उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत वरून खाली उजेड पडला की काचेवरची चमक डोळ्यात येत नाही. आणि पंखे. दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर असला तर अख्ख्या भिंतीवर सावली फडफडत राहते. पाहणाऱ्याचं डोकं दुखतं आणि कारण त्याला कळत नाही. असे दिवे बंद ठेवा, नाहीतर तेवढा पंखा बंद ठेवा.

पुढेमागे कधी उन्हाळ्यात प्रदर्शन घ्यायची वेळ आली तर कूलरची काळजी घ्या. कूलरची ओली हवा कागदावर गेली की फ्रेमच्या आत जलरंगाला लाटा येतात, आणि त्या पुन्हा सहजी सपाट होत नाहीत. जलरंगाच्या फ्रेममध्ये काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, असलाच पाहिजे, कागद काचेला चिकटता कामा नये. मुलांनी घरी फ्रेम करून आणलेल्या कामांत हे हमखास राहून गेलेलं असतं, तेव्हा कामं स्वीकारतानाच मागून उघडून पाहा.

भिंतींचं काय करायचं? आपल्या हॉलच्या भिंती बहुधा गुलाबी किंवा हिरव्या ऑइलपेंटच्या असतात, खाली चार फूट टाइल्स. त्यावर काहीही लावलं तरी भिंतच पुढे येते. मांडववाल्याकडचे झालरीचे पडदे तर अजिबात घेऊ नका, चुण्यांच्या सावल्यांत चित्र हरवतं. आठ बाय चारच्या प्लायच्या शीटा घ्या, त्यावर मांजरपाट ताणून बसवा किंवा फिका राखाडी डिस्टेंपर द्या. दोन-तीन शीटा बिजागऱ्यांनी जोडून नागमोडी उभ्या करा. सरळ रांगेत उभी केलेली शीट पहिल्याच गर्दीत आडवी होते. गावातला सुतार हे एका दिवसात करून देतो, आणि पुढच्या प्रदर्शनाला त्याच शीटा पुन्हा वापरता येतात.

चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर धरा. वरची कड किंवा खालची कड जुळवत बसू नका, मध्य जुळवा. तुमच्याकडे शाळांच्या सहली येणार असतील, आणि त्या याव्यातच, तर हा मध्य साडेचार फुटांवर आणला तरी मोठ्यांना त्रास होत नाही. प्रत्येक फ्रेमला दोन हुक, मागे तार. नायलॉनची दोरी ताणत जाते आणि तिसऱ्या दिवशी चित्र वाकडं होतं. दोन कामांमध्ये निदान दीड फूट मोकळं सोडा. माध्यम बदलतं तिथे त्याहून जास्त.

शिल्पाची उंची हा स्वतंत्र विचार आहे. आपल्याकडे शिल्प म्हटलं की लोकांना चौकातला पुतळा आठवतो, मान वर करून पाहायचा. खान्देशाला त्याचा अभिमानही आहे. धुळ्याजवळच्या गोंदूरला १९२५ साली जन्मलेल्या राम सुतारांनी सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा घडवला, आणि त्याच सुतारांनी तरुणपणी पुरातत्त्व खात्यात असताना अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या डागडुजीचं काम केलं होतं. खालून पाहायच्या पुतळ्यात शिल्पकार डोक्या-खांद्यांचं प्रमाण त्या नजरेचा विचार करून धरतो. फूट-दीड फुटाचं मातीचं डोकं मात्र समोरासमोर, नजरेला नजर देऊन पाहायचं असतं. ते अडीच फुटी टेबलावर ठेवलं तर लोकांना फक्त टाळू दिसते. त्याला चार फुटांचं पेडेस्टल, म्हणजे शिल्प ठेवायचा उभा खोका, द्या. आडवं, जमिनीशी बोलणारं काम असेल, समजा झोपलेलं जनावर, तर दीड-दोन फूट पुरे. चारही बाजूंनी फिरता येईल एवढी, निदान तीन फूट, वाट ठेवा. पेडेस्टलच्या पोकळीत तळाला रेतीची गोणी भरा आणि न विसरता हलवून पाहा. उद्घाटनाच्या गर्दीत मुलं त्याच्यामागे लपाछपी खेळणारच.

आता गोधडी, कारण तुमच्या प्रश्नात खरी काळजी तिचीच दिसते.

गोधडी दोन कोपऱ्यांना चिमटे लावून टांगू नका. जुन्या लुगड्यांचे, धोतराचे अनेक थर असतात, वजन बरंच असतं, आणि ते सगळं दोन बिंदूंवर आलं की जीर्ण कापड तिथेच फाटतं. मागच्या बाजूला वरच्या कडेला सुती कापडाचा रुंद नेफा शिवून घ्या, टाका फक्त मागच्या थरातून. त्या नेफ्यात घासून गुळगुळीत केलेली लाकडी पट्टी घाला आणि पट्टी दोन्ही टोकांना टांगा. वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जातं. हा नेफा आजींनाच शिवू द्या, त्यांना ते कापड कुठे सोसेल आणि कुठे नाही हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. उजेड कमी पण एका बाजूने, भिंतीला घासून जाणारा. तसा उजेड पडला की धावदोऱ्याची प्रत्येक ओळ उचलली जाते. कडेपासून आत आत वळत गेलेल्या ओळी, मध्येच दोरा बदललेला, एका जागी टाका दाट झालेला, हे सगळं पाहणाऱ्याला दिसतं. एका गोधडीपुढे एक शेतकरी गृहस्थ बराच वेळ उभे होते, मग त्यांनी मला विचारलं, "हाई शिवेल शे का काढेल शे?" शिवलेलं आहे की काढलेलं? समोरच्या कामाकडे इतक्या बारकाईने पाहणारा प्रेक्षक कुठल्याही मोठ्या गॅलरीला हवा असतो.

चित्रकार नाराज होतील का? काही होतील, आणि त्यांच्याशी आधीच बोला. नाराजी शेजाराची नसते. आपलं काम ‘हस्तकला’ या खान्यात ढकललं जाईल ही ती भीती असते, आणि गोधडी कोपऱ्यात ‘महिला बचत गट’ अशा पाटीखाली लावली की ती भीती खरी ठरते, गोधडीच्या बाबतीत. तेव्हा पाट्या सगळ्यांच्या एकाच आकाराच्या, एकाच अक्षरात, एकाच क्रमाने करा : कलावंताचं नाव, कामाचं नाव, माध्यम, वर्ष, उंची आणि रुंदी. तैलचित्राखाली ‘कॅनव्हासवर तैलरंग’ लिहिता ना, मग गोधडीखाली ‘जुनी सुती लुगडी आणि धोतर, सुती दोरा, धावदोरा’ असं लिहा. आजींचं पूर्ण नाव, गावासकट. ‘पारंपरिक’, ‘अनामिक’ असले शब्द नकोत. शिवणारी व्यक्ती गावात राहते, तिला नाव आहे. साल विचारा, त्यांना आठवतं. कुणाच्या लग्नाच्या वर्षी, कुणाच्या जन्माच्या वेळी शिवली हे त्या बरोबर सांगतात.

शेजार निवडायचा तो हाताच्या कामावरून निवडून पाहा. लिनोकट आणि लाकूडकाम दोन्ही कोरून होतात, म्हणजे नको ते काढून टाकत पुढे जायचं. मातीकाम आणि गोधडी दोन्ही जोडत जाऊन होतात. नाइफचं तैलचित्र आणि शेणामातीचं सारवण दोन्ही थर देऊन. मी एका भिंतीवर लिनोकट लावलं आणि त्याच्या खालीच पेडेस्टलवर कोरीव लाकूड ठेवलं, तर दोन्ही कलावंत, जे एरवी एकमेकांच्या कामाकडे फिरकले नसते, ते एकमेकांची पटाशी आणि गाउज (लिनो कोरायचं हत्यार) हातात घेऊन पाहू लागले. अशी एखादी भिंत जमवा; सगळं प्रदर्शन या सूत्रावर ओढूनताणून बसवू नका.

सातपुड्याकडचं काही मागवणार असाल तर एक सांभाळा. आदिवासींच्या होळीत सजून नाचणारा बुध्या जे लेवतो, मोरपिसांचा टोप वगैरे, किंवा घरातल्या देवाच्या वस्तू, या भिंतीवर लावायला मागू नका. आपल्या खान्देशातली देवी कानबाई, तिचं पूजेचं नारळ आपण प्रदर्शनात मांडू का? तोच नियम डोंगरातल्या भावांच्या वस्तूंनाही. त्यांच्यापैकी कुणी स्वतः कलावंत म्हणून घडवलेलं काम, बांबूचं असो की चित्राचं, ते मागा, त्याला इतरांसारखीच पाटी आणि इतरांसारखीच किंमत लावा.

लिनोकटवाल्या मुलासाठी खास सांगायचं आहे, कारण त्याच्यावर अन्याय ठरलेला असतो. लोक त्याच्या कामाखाली पेन्सिलीने लिहिलेलं ३/१० पाहतात आणि विचारतात, "म्हणजे ही झेरॉक्स का?" त्याने कोरलेला लिनोचा तुकडा, शाईचा रोलर आणि एक फसलेला ठसा छापाशेजारी ठेवा. दहा प्रतींपैकी ही तिसरी, प्रत्येक प्रत हाताने शाई लावून छापलेली, हे मग बोलावं लागत नाही. खरं तर सगळ्याच माध्यमांसाठी एक हाताळायचं टेबल करा. कच्ची माती आणि आव्यात भाजलेली माती शेजारी शेजारी, कॅनव्हासचा तुकडा ज्यावर तैलरंगाचा जाड फटकारा आहे, हातकागद, केळीच्या खोडापासून काढलेला धागा, गोधडीचा छोटा नमुना. जळगावकडे केळीचं पीक एवढं आहे आणि तरी त्या धाग्याला हात लावलेली मुलं थोडीच. या टेबलापाशी तुमच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांच्या मुलांना बसवा. ती समजावून सांगतात तेव्हा मोठी माणसं थांबून ऐकतात. आणि इथे मनसोक्त हात लावता आला की भिंतीवरच्या कामांना हात लावायची इच्छाही बरीच कमी होते.

फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा की फ्लेक्सवर छापलेलं काम घेतलं जाणार नाही. फ्लेक्स स्वस्त आहे, मोठा होतो, पण त्यात काळ्या रंगाची खोली जाते आणि वाढदिवसाच्या बॅनरची आठवण येते. लहान छापा, पण चांगल्या मॅट कागदावर, पिगमेंट शाईत.

ने-आण करताना ॲक्रेलिक सांभाळा. उन्हात उभ्या टेम्पोत ॲक्रेलिकचा पृष्ठभाग मऊ पडतो आणि समोरासमोर ठेवलेले दोन कॅनव्हास एकमेकांना चिकटतात. आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर पारा जातो तेव्हा तर हे होणारच. मध्ये बटर पेपर घाला, बबल रॅप त्याच्यावरून, आणि सकाळी लवकर हलवा. तैलरंग ताजा असेल, दोन-तीन महिन्यांपूर्वीचा, तर तो कोरडा वाटला तरी आतून कच्चा असतो. त्यावर घाईने वार्निश मारून आणू नका असं चित्रकारांना आत्ताच कळवा.

भिंतीच्या वाटणीचं भांडण टाळायचं असेल तर फुटांची बरोबरी करू नका, कामांची करा. प्रत्येकाकडून पाच कामं मागवा, तीन लावा, हे पत्रकातच छापा. कोणती तीन आणि कुठे, हे एका माणसाने ठरवावं आणि त्या माणसाचं स्वतःचं काम प्रदर्शनात नसावं. तुम्ही स्वतः चित्रं लावणार असाल तर मांडणीचा शेवटचा शब्द दुसऱ्या कुणाला द्या.

उद्घाटनात दीपप्रज्वलनाची समई हॉलच्या बाहेर, व्हरांड्यात लावा. तेल, काजळी आणि उदबत्तीचा धूर कॅनव्हासच्या जवळ नको, आणि दिव्याभोवती फोटोसाठी जी गर्दी होते ती पेडेस्टलवर रेलते. हार-गुच्छ ठेवायला वेगळं टेबल द्या, नाहीतर ओले गुच्छ हमखास शिल्पाच्या पायाशी ठेवले जातात. भाषणंही बाहेरच होऊ द्या. मग पाहुणे आत येतात ते चित्रांसाठी.

विक्रीचं थोडक्यात. किमतींची यादी वेगळी छापा, पाटीवर किंमत नको. विकलेल्या कामाला लाल टिकली लावा, काम प्रदर्शन संपल्यावरच द्या. संयोजनासाठी काही टक्के कापणार असाल तर तो आकडा कलावंताच्या सहीने आधी कागदावर आणा. गोधडीची किंमत आजींच्या मुलाने किंवा नातवाने नव्हे, आजींनी सांगावी, आणि ती तुम्हाला कमी वाटली तर तसं त्यांना सांगा.

काम स्वीकारताना प्रत्येकाचे दोन फोटो काढा, पुढून आणि मागून, आणि कुठे ओरखडा, टवका, डाग असेल तो पावतीवर लिहून कलावंताची सही घ्या. परत देताना तीच पावती समोर धरून काम तपासायचं आणि पुन्हा सही घ्यायची. शेवटच्या संध्याकाळी सगळे एकदम न्यायला येतात, तेव्हा परतीच्या वेळा वाटून द्या : आधी मातीकाम आणि काचेच्या फ्रेमा, मग कॅनव्हास, गोधडी सगळ्यात शेवटी, दिवे बंद झाल्यावर, स्वच्छ चादरीवर पसरून आणि सुती कापडात गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत ती देऊ नका.